आणखी वजन वाढवून या!

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत एक वाक्य फार सहज कानावर पडते: 'पेशंट नंतर आलाच नाही.' रक्ताच्या तपासण्या झालेल्या असतात, सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी झालेली असते, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्या सह्या झालेल्या असतात, भूलतज्ज्ञाने 'फिट' असे लिहून दिलेले असते. तारीख ठरते आणि त्या तारखेला खाट रिकामी राहते. फोन केला तर 'घरी जरा अडचण आहे', 'मुलीची दहावी होऊ दे', 'दिवाळीनंतर बघू'. दिवाळी होते, फोन उचलला जात नाही, फाइल कपाटात जाते. फाइलवर कोणी लिहीत नाही, पण मनातल्या मनात सगळेच एक शेरा मारून मोकळे होतात: घाबरला! ज्याला जन्मभर जिभेवर ताबा ठेवता आला नाही, तो टेबलावर काय चढणार!

हा शेरा म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी आहे. कॉलरच धरायची असेल तर हैदराबादेत बसून भारतीय शरीराला परदेशी माप लावणाऱ्या विमा नियामकाची धरा. हप्ता घेताना हात जोडणाऱ्या आणि क्लेम आला की हात झटकणाऱ्या विमा कंपन्यांची धरा. पोस्टरवर हसरे चेहरे छापून आत बिल दाखवताच रुग्णाचा चेहरा पाडणाऱ्या रुग्णालयांची धरा. आणि हो, 'पोट कापून घ्यायला निघालीस?' म्हणणाऱ्या घराची तर आधी धरा. शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत आलेला माणूस तिथून परत फिरतो तेव्हा या सगळ्यांचे हात त्याच्या पाठीला लागलेले असतात.

सगळे समजून-उमजून 'मला नको' म्हणणारेही असतात. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यांच्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. जन्मभर बी-१२, लोह, कॅल्शियम घ्यावे लागेल, 'स्लीव्ह' पद्धतीच्या शस्त्रक्रियेनंतर छातीत जळजळ वाढू शकेल, काही वर्षांनी थोडे वजन परत येऊ शकेल, हे ऐकून कोणी नकार दिला तर तो शहाण्या माणसाचा नकार समजावा. आमचा संताप आहे तो ज्यांना हवे होते आणि ज्यांच्या हातून ते काढून घेतले गेले त्यांच्यासाठी.

सुरुवात नियमापासून करू. २०१९ च्या सप्टेंबरात विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाईने, आरोग्य विम्यातून काय काय वगळता येईल याची प्रमाणित यादी काढली. तोवर लठ्ठपणाची शस्त्रक्रिया म्हटली की कंपन्या सर्रास नकार देत. नव्या यादीने दार किलकिले केले, हे मान्य. पण त्या फटीतून आत शिरायचे कसे ते पाहा. हे यादीतले सहावे कलम. रुग्णाचे वय १८ पूर्ण हवे, डॉक्टरांचा सल्ला हवा, उपचार वैद्यकीय नियमावलीला धरून हवा. इथवर कोणाची तक्रार असायचे कारण नाही. पुढे कलम म्हणते, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. तितका नसेल तर किमान ३५ हवा आणि जोडीला चारांपैकी एक गंभीर व्याधी हवी: लठ्ठपणामुळे निकामी होत चाललेला हृदयाचा स्नायू, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, तीव्र स्वरूपाचा, झोपेत श्वास अडकवणारा स्लीप अ‍ॅप्निया किंवा अनियंत्रित टाइप-२ मधुमेह. शिवाय वजन उतरवण्याचे सौम्य उपाय करून ते फसलेले असले पाहिजेत.

आता हा नियम हाडामांसाच्या माणसावर चढवून बघू. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. पाच फूट एक इंच, म्हणजे १५५ सेंटिमीटर उंचीच्या दोन बायका समजा. पहिलीचे वजन ८० किलो, बीएमआय ३३ च्या वर, मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. दुसरीचे वजन ९२ किलो, बीएमआय ३८ च्या वर, रक्तदाब, दोन्ही गुडघे गेलेले. लोकलचा पूल चढताना तीन वेळा कठड्याला टेकून उभी राहणारी. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकत्र बसून आपल्या लोकांसाठी जी रेषा आखली ती अशी: लठ्ठपणाशी निगडित व्याधी असेल तर बीएमआय ३२.५, नसेल तर ३७.५. या रेषेनुसार दोघीही शस्त्रक्रियेस पात्र आहेत. विमा कंपनीच्या रेषेनुसार दोघीही बाद. पहिलीला ३५ गाठायला ८४ किलो व्हावे लागेल, दुसरीला ४० गाठायला ९६. दोघींनाही चार-चार किलो कमी पडतात! रुग्णाला बरे करण्याचे पैसे हवे असतील तर आणखी वजन वाढवून या, असे सांगणारा हा नियम आहे. 

आणि त्या 'अनियंत्रित' मधुमेहाचे काय वर्णन करावे! पहिली बाई चार किलोने जाड झाली तरी तिची सुटका नाही. तिने गोळ्या वेळेवर घेतल्या, भात कमी केला, पहाटे उठून चालली आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची खूण असलेले एचबीए१सी सातच्या आत आणले, की तिचा मधुमेह नियंत्रित ठरतो आणि क्लेम अडतो. तिने इन्सुलिन चुकवले, साखर तीनशेवर नेली, की ती पात्र! प्रामाणिकपणे पथ्य करणाऱ्याला दंड आणि बेपर्वाईला बक्षीस, असे कलम लिहिणाऱ्यांनी मधुमेही माणूस जवळून पाहिला तरी आहे का? दुसरीचे दुखणे तर यादीतच नाही. रक्तदाब नाही, गुडघे नाहीत, यकृतात साठलेली चरबी नाही, पीसीओडीपायी न होणारे मूल नाही. कंपनीच्या लेखी हृदय मोडकळीला आले तरच माणूस आजारी!

हे ४० आणि ३५ आले कुठून? मार्च १९९१ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा येथे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची एक परिषद भरवली आणि अमेरिकन रुग्णांच्या अनुभवावरून हे दोन आकडे ठरवले. तेव्हा या शस्त्रक्रिया पोट उभे फाडून होत असत. दुर्बिणीतून गॅस्ट्रिक बायपास त्यानंतर सुरू झाला. आज भारतात सर्रास होणारी स्लीव्ह, म्हणजे जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून त्याची नळी करणे, ही स्वतंत्र शस्त्रक्रिया म्हणून कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. धोका मोठा होता म्हणून उंबरठा उंच ठेवला, हे त्या काळात समजण्यासारखे होते. आमचे नियामक मात्र २०१९ साली, म्हणजे २८ वर्षांनी, तोच उंबरठा उचलून आणतात आणि भारतीयांच्या दारात बसवतात. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेच्या आणि जगाच्या शल्यचिकित्सक संघटनांनी मिळून १९९१ चे आकडे अधिकृतपणे मोडीत काढले. बीएमआय ३५ असेल तर व्याधी असो-नसो शस्त्रक्रियेची शिफारस करा, मधुमेह असेल तर ३० लाही करा, आणि आशियाई माणसाच्या बाबतीत २७.५ पासूनच तिचा पर्याय पुढे ठेवा, असे त्यांनी म्हटले. ज्या देशात हे माप घडले तिथेच ते भंगारात गेले. आम्ही अजून त्यानेच मोजतो आहोत.

आशियाई माणसाचे वेगळे का, हे विचारायला बोस्टनला जायची गरज नाही, पुण्याला गेले तरी पुरे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे हेच दाखवून दिले आहे की भारतीय माणूस काट्यावर हडकुळा दिसला तरी आतून चरबीने भरलेला असतो. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३. याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, युडकिनांच्या ९.१ टक्के! आकडा एक आणि आतले शरीर दोन तऱ्हांचे. हे संशोधन मराठी मुलखात झाले, जगाने डोक्यावर घेतले, आणि हैदराबादच्या कचेरीत ते अजून पोचलेले नाही. पिकते तिथे विकत नाही म्हणतात ते असे.

समजा, एखाद्याने हे सारे ओलांडले. बीएमआय भरला, व्याधीही यादीतली निघाली. तरी अनेक पॉलिसींत या शस्त्रक्रियेसाठी दोन-तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो. मधुमेह पॉलिसीच्या आधीपासूनचा असेल तर त्याचा वेगळा हिशेब. हा काळ २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून ३६ वर आणला, याचेही श्रेय घेतले गेले! तीन वर्षांत मूत्रपिंडे थांबतात का? डोळ्यांचा पडदा थांबतो का? प्रतीक्षा संपल्यावर सुरू होतो विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीएच्या खिडकीवरचा खेळ. काचेमागे संगणक, काचेपुढे प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि खुर्चीवर मावत नाही म्हणून कडेला उभा राहिलेला माणूस. पहिली क्वेरी येते: लठ्ठपणा किती वर्षांपासून आहे, याचा पुरावा जोडा. लग्नाचा फोटो जोडायचा का? दुसरी क्वेरी येते: सौम्य उपाय केल्याची कागदपत्रे जोडा. याने डॉ. दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवून पाहिलेले असते, ऋजुता दिवेकरांचे ऐकून दर दोन तासांनी खाऊन पाहिलेले असते, गल्लीतल्या जिमचे वर्षाचे पैसे भरून दोन महिने गेलेला असतो, सकाळी मेथीचे पाणी आणि रात्री जिऱ्याचे पाणी प्यालेला असतो. त्याच्या पावत्या कोण देणार? मेथी दळून देणारी आई सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र देणार आहे का? तिसरी क्वेरी येते: ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी नाही कशावरून? इन्सुलिन टोचून टोचून पोटाची चाळण झालेल्या माणसाला हा प्रश्न विचारताना ज्याचा हात थरथरत नाही, त्याच्या पगाराचा हप्ता आपण भरतो हे प्रत्येक विमाधारकाने ध्यानात ठेवावे.

२०२४ च्या परिपत्रकात याच नियामकाने फर्मावले आहे की कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्या. एका तासात निर्णय देता येत नसेल तर एका तासात क्वेरी पाठवता येते, हा शोध कंपन्यांच्या कोणत्या विद्वानाने लावला त्याचा एकदा जाहीर सत्कार व्हायला हवा. क्वेरीमागून क्वेरी, आणि प्रत्येक क्वेरीपायी पुन्हा रजा, पुन्हा रिक्षा, पुन्हा डॉक्टरांची सही. शस्त्रक्रियेआधी यकृत आकसावे म्हणून साधारण दोन आठवडे पातळ, प्रथिनयुक्त आहारावर काढायचे असतात. तेही पुढे ढकलले जातात, पुन्हा सुरू होतात, पुन्हा ढकलले जातात. एक दिवस माणूस घरी येऊन पिशवी खुंटीला अडकवतो आणि म्हणतो, मरू दे.

अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनीही हाच धंदा केला. शस्त्रक्रियेआधी तीन ते सहा महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवून दाखवा, एक महिना चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, अशी अट त्यांनी घातली. तिथल्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१६ मध्ये या अटीला शास्त्रीय आधार नाही, ती भेदभाव करणारी आणि अनैतिक आहे, तिच्यापायी रुग्ण गळतात आणि आजार बळावतात, असे लेखी निवेदन काढून तिच्या चिंध्या केल्या. आमच्याकडच्या संघटनांना असा कंठ कधी फुटणार?

आता घराकडे वळू, कारण विमा नाकारणारी चिठ्ठी घरी पोचण्याआधीच घराने निम्मे काम केलेले असते. 'आमच्या भाच्याने नुसतं गरम पाणी पिऊन वीस किलो उतरवलं.' 'तोंड बंद ठेव, पोट आपोआप जाईल.' 'एवढ्या पैशात धाकटीचं लग्न होईल.' हे बोलणारे शत्रू नसतात. सासूबाई असतात, मोठे दीर असतात, सख्खी बहीण असते. ज्या घरात नवऱ्याच्या अँजिओप्लास्टीसाठी त्याच रात्री दागिने गहाण पडतात, त्याच घरात बायकोच्या लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च चैन ठरतो. तिचा मधुमेह आजार असतो, पण त्याचे मूळ असलेले वजन मात्र तिचा स्वभाव असतो! आणि फॅमिली डॉक्टरांनी तरी काय दिवे लावले? 'आधी दहा किलो कमी करून या, मग बोलू.' इकडे डॉक्टर म्हणतात कमी करून या, तिकडे कंपनी म्हणते वाढवून या. मधल्या मध्ये बाई जाते कुठे? घरी.

इच्छाशक्तीचे प्रवचन झोडणाऱ्या सगळ्यांना आम्ही एक गोष्ट ऐकवू इच्छितो. अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' नावाचा दूरचित्रवाणीवरचा तमाशा होता. त्यात लोक तासन्‌तास व्यायाम करून, जेमतेम खाऊन पन्नास-पन्नास किलो उतरवत आणि देश टाळ्या पिटत असे. केव्हिन हॉल या संशोधकाने त्यातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. बहुतेकांचे वजन परत आले होते. पण खरी भयंकर गोष्ट पुढेच आहे: त्यांच्या शरीराची विश्रांतीतली ऊर्जेची खपत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी झाली होती, आणि सहा वर्षांनंतरही ती पूर्ववत झालेली नव्हती. म्हणजे त्याच वजनाच्या दुसऱ्या माणसाने खाल्ले तर चालेल तेवढेच यांनी खाल्ले की यांचे वजन वाढणार. शरीर गमावलेली चरबी परत मिळवण्यासाठी असे हट्टाला पेटते. भूक वाढवणारी संप्रेरके चढतात, पोट भरल्याचा निरोप देणारी उतरतात. शस्त्रक्रिया नेमकी हीच यंत्रणा बदलते. जठर लहान होणे हा तिचा अर्धाच भाग. आतड्यातून निघणाऱ्या संप्रेरकांचे गणित बदलते, म्हणून तर बायपासनंतर अनेक मधुमेह्यांची साखर वजन उतरण्याआधीच खाली येते. हे माहीत असूनही जो डॉक्टर रुग्णाला 'जिभेवर ताबा ठेवा' एवढेच सांगून वाटेला लावतो, त्याने आपले प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवावे.

आणि हे राज्यकर्त्यांना ठाऊक नाही असे समजू नका. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. अरुण जेटली यांनी २०१४ मध्ये, केंद्रीय अर्थमंत्री असताना, मधुमेहासाठी दिल्लीत करून घेतली. योग्यच केले! नेत्यांनी उजळ माथ्याने हा उपचार घेतला याचे आम्ही स्वागतच करतो. पण जो उपचार मंत्र्याला उपचार असतो तो नाशिकच्या कारकुनाला छचोर हौस कसा ठरतो, याचे उत्तर त्याच सरकारने द्यायचे आहे. 

भीतीविषयी बोलू, कारण ती खरीच आहे आणि तिला खतपाणी घालण्यात आमच्या पत्रकारितेच्या पेशाचाही मोठा वाटा आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या इमान अहमद हिला मुंबईत आणले. क्रेनने उचललेला तिचा पलंग अवघ्या देशाने पाहिला. वाहिन्यांनी तिच्या वजनाचा रोजचा भाव सांगितला, नंतर नातेवाईक आणि डॉक्टरांचे भांडण चविष्टपणे वाढून ठेवले, आणि सप्टेंबरात अबुधाबीत ती गेली तेव्हा 'ऑपरेशन केलेली बाई गेली' एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. पाचशे किलोच्या आसपासची, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली, एकाच वेळी अनेक आजारांनी ग्रासलेली ती रुग्ण, आणि साताऱ्याचा ११० किलोचा शिक्षक, यांत काय साम्य? पण शिक्षकाच्या आईला रात्री झोप लागत नाही ती त्या क्रेनमुळे. तिला कोणी सांगितले का, की अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांत ४,७७६ रुग्णांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण हजारात तीन होते? स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेले लठ्ठ लोक ती न झालेल्या लठ्ठ लोकांपेक्षा सरासरी तीन वर्षे अधिक जगले, हे सांगितले का? न केलेल्या शस्त्रक्रियेचा मृत्यू वर्तमानपत्रात येत नाही. तो हृदयविकाराच्या नावावर जमा होतो.

रुग्णालयांना मात्र आम्ही मोकळे सोडणार नाही. ही शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयात करायची तर शहर आणि रुग्णालय बघून साधारण तीन ते पाच लाख लागतात. एका स्लीव्हला पाच-सहा स्टेपलर काडतुसे लागतात आणि एकेक हजारोंची, हे आम्हाला माहीत आहे. पण ती काडतुसे तुम्हाला केवढ्याला पडली आणि बिलात केवढ्याला लागली, ते एकदा रुग्णाला दाखवाल का? 'मोफत लठ्ठपणा निवारण शिबिर' म्हणून बोलवायचे, पहिल्याच भेटीत समुपदेशक म्हणून पॅकेज विकणारी मुलगी बसवायची, कर्जाचा हप्ता तिथल्या तिथे काढून द्यायचा, आणि जन्मभर लागणाऱ्या जीवनसत्त्वांचा, तपासण्यांचा, लोंबणाऱ्या कातडीचा विषय तारीख पक्की होईपर्यंत काढायचा नाही. मग रुग्णाला कुठूनतरी कळते. मोबाइलवर कळते, शेजारच्या बाईकडून कळते. त्याला वाटते, हे लोक मला फसवत होते. तो जातो. आणि तुम्ही म्हणता, पेशंट आलाच नाही! मानसोपचारतज्ज्ञाची भेट म्हणजे अर्जावरची एक चौकोनी खूण समजणाऱ्यांना हेही सांगून ठेवतो की लहानपणापासून 'जाड्या' म्हणून हिणवला गेलेला माणूस दहा मिनिटांत मन उघडत नाही. त्याची भीती तिथे बाहेर आली असती तर शस्त्रक्रियेच्या सकाळी तो घरी दडून बसला नसता. सरकारी रुग्णालयांविषयी काय बोलावे? तिथे ही शस्त्रक्रिया अगदी मोजक्या ठिकाणी होते आणि गरिबाला लठ्ठपणाचा आजार होतो हेच अजून कोणाच्या गळी उतरलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. वडापाववर दिवस काढणारा सुरक्षारक्षक त्या आकड्यात आहे, बरे का.

आता नवे निमित्त आले आहे ते वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचे. मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आले आणि जूनमध्ये वेगोवी. औषधे गुणकारी आहेत, कोणी नाही म्हणत नाही. पण तारीख ठरलेले रुग्ण 'आधी सुई घेऊन बघतो' म्हणून परत फिरतात, तेव्हा त्यांना हिशेब कोणी मांडून दाखवतो का? बाजारात आले तेव्हा मौंजारोची पाच मिलिग्रॅमची कुपी ४,३७५ रुपयांची होती आणि ती आठवड्याला एक लागते. म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार, वर्षाला दोन लाखांच्या वर. आणि औषध थांबवले की वजन बहुतांशी परत. किमती उतरतील, उतरोत. मात्र ज्याचा बीएमआय पंचेचाळीस आहे त्याला अर्धवट माहितीवर सुईच्या नादी लावून शस्त्रक्रियेपासून तोडणे हा वैद्यकीय सल्ला होऊ शकत नाही.

आणि सरकार? फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये लठ्ठपणाची चिंता वाहिली आणि स्वयंपाकात तेल दहा टक्के कमी वापरा असा आदेशवजा सल्ला दिला. दहा नामवंतांची नावे घेऊन ही मोहीम पुढे न्यायला सांगितले. मांडीला जखम आणि शेंडीला मलम! तेल जरूर कमी करा. पण ज्याचे वजन आज १३० किलो आहे त्याच्या फोडणीतले चमचाभर तेल वाचवून त्याचा स्लीप अ‍ॅप्निया जाणार आहे का? रात्री झोपेत श्वास अडकून दचकून उठणाऱ्या माणसाला नामवंतांच्या शपथा नकोत, शस्त्रक्रियागृहातली जागा हवी आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. सहाव्या कलमातले ४० आणि ३५ काढा आणि भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्येच ठरवलेले ३७.५ आणि ३२.५ तिथे लिहा. त्याला संसद लागत नाही, परिपत्रक पुरते. 'अनियंत्रित' हा शब्द खोडा. व्याधींच्या यादीत रक्तदाब, गुडघे आणि यकृत घाला. सौम्य उपाय फसल्याचा दाखला म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे एक पत्र पुरेसे माना. आणि या एका कलमाखाली दरवर्षी किती क्लेम आले, किती नाकारले, कोणत्या कंपनीने किती नाकारले, ते कंपनीच्या नावानिशी छापा. बाकी सगळे आकडे जाडजूड वार्षिक अहवालात छापता, मग हाच का झाकता?

तोवर ज्यांच्या हातात नकाराची चिठ्ठी पडली आहे त्यांनी ती फाडू नये. नकार कोणत्या कलमाखाली दिला ते कंपनीकडून लेखी मागावे. क्लेम नाकारण्याआधी तो कंपनीच्या क्लेम परीक्षण समितीपुढे जाणे २०२४ पासून बंधनकारक आहे, तेव्हा समितीची मंजुरी होती का, हेही विचारावे. कंपनीच्या तक्रार विभागाने तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. मुंबईत आणि पुण्यात त्याची कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. 'सौंदर्यासाठी' असा शेरा मारून किंवा क्वेरीच्या चक्रात घालून ज्यांना अडवले, त्यांना तिथे उभे राहायला पुरेशी जमीन आहे. चार किलो कमी पडलेल्या दोघींना मात्र तिथेही हात हलवत परत यावे लागेल, कारण लोकपालही पॉलिसीत छापलेल्या त्याच कलमाला बांधलेला आहे.